छातीवरच्या चित्राची खतावणी

कापडाच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या घरांना एक गोष्ट सांगावी लागत नाही : मालाची किंमत नेहमीच मालात नसते. एकाच सुताचे, एकाच वजनाचे, एकाच शिलाईचे दोन टी-शर्ट शेजारी मांडावेत. एक कोरा, दुसऱ्याच्या छातीवर एखाद्या गायकाचा चेहरा किंवा एखाद्या वाद्यवृंदाचे चिन्ह. कोऱ्या टी-शर्टासाठी गिऱ्हाईक घासाघीस करते. चित्राच्या टी-शर्टासाठी तेच गिऱ्हाईक दुप्पट रक्कम मुकाट्याने मोजते. सूत तेच, शिलाई तीच. वाढलेली रक्कम चित्राची. हिशेबाची सवय असलेल्या मनात मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहावा : ही वाढीव रक्कम नेमकी कोणाच्या खाती जमा व्हावी?

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तिरुपूरच्या होजिअरीतून कोरा माल उचलायचा, त्यावर छपाई करून घ्यायची आणि मोबाइलवरून विकायचा, हा धंदा आज अनेक व्यापारी घरांतील तरुण मुले-मुली करीत आहेत. भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते. चित्र मात्र लागते. आणि ते बहुधा दुसऱ्याचे असते. जगभरच्या संगीतावरून उचललेल्या चित्रांना या बाजारात मोठी मागणी आहे. त्या चित्रांमागच्या काही हकिकती तपासून पाहिल्या, तर प्रत्येक चित्रामागे तीन खातेदार उभे असलेले दिसतात : ते काढणारा चित्रकार, ज्याच्या नावामुळे ते विकले जाते तो कलावंत आणि ज्या समाजाच्या श्रद्धेतून वा परंपरेतून ते चिन्ह आले तो समाज.

आरंभ नावापासूनच करावा. ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द ऐकताना एखाद्या पंडिताने घडविलेली शास्त्रीय संज्ञा वाटते. प्रत्यक्षात ती दुकानातल्या मांडणीची सोय होती. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या इस्लिंग्टन भागातील ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ नावाच्या पबमध्ये लहान ध्वनिमुद्रण कंपन्यांचे काही प्रतिनिधी जमले. आफ्रिका, लॅटिन अमेरिका, पूर्व युरोप येथील संगीताच्या तबकड्या त्यांच्यापाशी होत्या, ऐकू इच्छिणारेही होते. परंतु या तबकड्या कोणत्या कप्प्यात ठेवाव्यात हे दुकानदाराला उमगत नसे आणि कप्पा नाही म्हणून माल पुढे येत नसे. तेव्हा सर्वांनी मिळून एक नाव ठरविले आणि कप्प्यावर लावण्याच्या पट्टीवर ते छापले. व्यापारी दृष्टीने युक्ती उत्तम होती. पण मालीचा कोरावादक, झिम्बाब्वेचा गिटारवादक आणि बल्गेरियाच्या खेड्यांतल्या गायिका एकाच पट्टीखाली आल्या, आणि ‘आमचे’ व ‘उरलेल्या जगाचे’ अशी विभागणी रूढ झाली. पुढे या नावाविषयी पुष्कळ नाराजी व्यक्त झाली. २०२० साली ग्रॅमी पारितोषिके देणाऱ्या संस्थेने आपल्या विभागातून ‘वर्ल्ड’ हा शब्द काढून ‘ग्लोबल’ हा शब्द घेतला. उस्ताद झाकीर हुसेन आणि शंकर महादेवन यांच्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदाला २०२४ साली मिळालेले पारितोषिक या नव्या नावाच्या विभागातले.

कप्प्याच्या पट्टीने जे केले तेच टी-शर्टाने आणखी पुढे नेले. तासन्‌तास चालणाऱ्या गाण्याची, त्यामागच्या शतकांच्या इतिहासाची वीतभर खूण करून ती छातीवर आणली.

ही खूण कशी असावी, हे बऱ्याच अंशी छपाईच्या रीतीनेच ठरविले. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. चित्राचा जेवढा भाग छापायचा तेवढीच जाळी उघडी ठेवतात आणि रबरी पट्टीने रंग तिच्यातून खाली ओढतात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी लागते, जशी सांगानेरच्या ठसेकामात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा लागतो. रंग वाढले की जाळ्या वाढतात, एका रंगाचा दुसऱ्यावर नेमका मेळ बसविण्याची कटकट वाढते, फुकट जाणारे नग वाढतात आणि खर्च चढतो. म्हणून संगीताच्या ज्या खुणा पन्नास वर्षे टिकल्या त्यांतील बहुतेक दोन-तीन रंगांच्या, ठळक, लांबून ओळखू येणाऱ्या आहेत. चित्र इतके साधे की कोणीही उतरवून घ्यावे. त्याची लोकप्रियता त्या साधेपणात होती आणि त्याची चोरीही.

पहिली हकिकत एका जिभेची. १९७० साली लंडनच्या ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाला एका चित्रकाराची गरज होती. त्यांनी रॉयल कॉलेज ऑफ आर्टकडे विचारणा केली आणि जॉन पाश या विद्यार्थ्याचे नाव पुढे आले. मुख्य गायक मिक जॅगर याने एका कोपऱ्यावरच्या भारतीय दुकानातून कालीमातेचे छापील चित्र आणले होते. ते त्याने पाशला दाखविले. त्यातील बाहेर आलेल्या जिभेवर पाशची नजर खिळली. त्यातूनच लालभडक ओठ आणि बाहेर काढलेली जीभ हे चिन्ह जन्मले. १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’ या तबकडीबरोबर ते लोकांपुढे आले आणि तेथून जगभरच्या टी-शर्टांवर.

पाशला या कामाचे ५० पौंड मिळाले. नंतर चिन्ह गाजल्यावर आणखी २०० पौंड देण्यात आले. पुढे रीतसर करार होऊन मालाच्या विक्रीत त्याचा काही वाटाही ठरला; आणि १९८२ साली त्याने आपला कॉपीराइट २६,००० पौंडांना वाद्यवृंदाला विकून टाकला. २००८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्या चिन्हाचे मूळ हस्तचित्र विकत घेतले, तेव्हा त्या एका कागदासाठी सुमारे ९२,५०० डॉलर मोजावे लागले.

हिशेबाच्या दृष्टीने या हकिकतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पाशची अगदीच फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. उशिरा का होईना, करार झाला, वाटा मिळाला, हक्काची विक्रीही झाली. पण त्याने हक्क विकला तो पुढच्या उत्पन्नाचा अंदाज बांधून, आणि तो अंदाज कमी पडला. सतत भाडे देणारी इमारत एकरकमी विकावी की ठेवावी, हा प्रश्न जसा विचारपूर्वक सोडवावा लागतो तसाच हाही. आणि तिसरा खातेदार? कालीमातेची जीभ. बंगालातील लोकप्रिय कथेप्रमाणे रणात बेभान झालेल्या देवीचा पाय शिवाच्या छातीवर पडला आणि लाजेने तिने जीभ चावली. लंडनमध्ये पोहोचल्यावर त्याच जिभेचा अर्थ वडीलधाऱ्यांना वेडावून दाखविणे असा झाला. टी-शर्ट घालणाऱ्या कोट्यवधींपैकी किती जणांना त्या चिन्हाचे माहेर ठाऊक असेल? कोणी दावा केला नाही, कोणी बोभाटा केला नाही. जमेच्या बाजूला मात्र त्या खात्यावर काहीच नाही.

दुसरी हकिकत तीन रंगांची. लाल, सोनेरी-पिवळा आणि हिरवा असे पट्टे, त्यांवर लांब जटा असलेला एक हसरा चेहरा : हा टी-शर्ट मुंबईच्या फुटपाथपासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत सर्वत्र टांगलेला दिसतो. चेहरा जमेकाच्या बॉब मार्लीचा. रंग मात्र जमेकाच्या ध्वजाचे नाहीत. ते इथिओपियाचे आहेत. आफ्रिका खंडातील या प्राचीन राज्याने युरोपीय सत्तांच्या वसाहतींपुढे मान तुकविली नव्हती, म्हणून गुलामगिरीत समुद्रापार नेलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांना ते स्वाभिमानाचे प्रतीक वाटले. १९३० साली तेथे रास तफारी हा राजपुत्र हैले सेलासी या नावाने सम्राट झाला. जमेकातील गरीब काळ्या लोकांपैकी अनेकांनी त्याच्यात आपला उद्धारकर्ता पाहिला आणि त्याच्याच पूर्वीच्या नावावरून ‘रास्ताफारी’ पंथ उभा राहिला. १९६६ साली सम्राट स्वतः जमेकात उतरला, तेव्हा विमानतळावर लोकांचा महापूर लोटला होता.

या पंथात लाल रंग म्हणजे सांडलेले रक्त, पिवळा म्हणजे मातृभूमीची संपत्ती आणि हिरवा म्हणजे तिची भूमी. जटा ही केशभूषेची तऱ्हा नसून केसांना कात्री न लावण्याचे व्रत आहे. ‘आयटल’ नावाचा त्यांचा आहारनियम वाचून या मासिकाच्या वाचकांस विशेष कुतूहल वाटेल. अनेक रास्ताफारी मांसाहार वर्ज्य मानतात, मद्यापासून दूर राहतात आणि काही जण मीठही टाळतात. बाजारातल्या टी-शर्टांवर मात्र या साऱ्यातून बहुधा गांजाचे पान तेवढे उरते. जे त्यांच्या उपासनेचा भाग होते ते सहलीवरच्या चैनीची खूण होऊन बसले. एखाद्या समाजाची ओळख त्याच्या एकाच सवयीवरून जगभर छापली जावी, यातील अन्याय अल्पसंख्य समाजांना तरी समजावून सांगावा लागू नये.

मार्लीच्या बाबतीत पैशाचा प्रश्नही तितकाच बोधप्रद आहे. १९८१ च्या मे महिन्यात कर्करोगाने तो गेला तेव्हा जेमतेम ३६ वर्षांचा होता. मृत्युपत्र त्याने केलेच नव्हते. परिणामी पत्नी, मुले, जुने सहकारी, संगीत कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालले. पुढे मुलांनी ‘फिफ्टी-सिक्स होप रोड म्युझिक’ ही कंपनी काढली. किंग्स्टन शहरातील ज्या घरात मार्ली राहत असे त्या घराचाच हा पत्ता. त्या कंपनीने टी-शर्ट तयार करण्याचा परवाना रीतसर एका उत्पादकाला दिला.

इतक्यात अमेरिकेतील दुसऱ्या एका कंपनीने मार्लीची छायाचित्रे एका छायाचित्रकाराकडून मिळविली आणि त्यांवरून टी-शर्ट छापून घेऊन ते मोठमोठ्या दुकानांत विक्रीस पाठविले. तिचे म्हणणे सरळ होते : ज्याने छायाचित्र काढले त्याची परवानगी आहे, मग चोरी कोठे झाली? २००८ साली खटला उभा राहिला. २०१५ साली अपील न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने दिलेला निकाल कायम केला. छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराचा असेल. पण तो चेहरा छातीवर पाहून ‘हा माल मार्लीच्या माणसांनी मान्य केलेला आहे’ असा ग्राहकाचा समज होत असेल, तर तो समज विकण्याचा हक्क छायाचित्रकाराकडे नव्हताच. प्रतिवादींना साडेसात लाख डॉलरहून अधिक नफा परत करावा लागला. ज्यूरीने ठरविलेली तीन लाख डॉलरची भरपाई वेगळीच. ज्या वस्तूचा विक्रेताच मालक नाही तिचे खरेदीखत कितीही पक्के असले, तरी उपयोग काय?

हाच धडा त्याच वर्षी लंडनमध्येही मिळाला. बार्बाडोसची गायिका रिहाना हिचे छायाचित्र असलेला टी-शर्ट ‘टॉपशॉप’ या प्रसिद्ध दुकानसाखळीने २०१२ साली विकला. छायाचित्रकाराचा परवाना होता, गायिकेचा नव्हता. स्वतःच्या चेहऱ्यावर माणसाचा सर्वसाधारण मालकी हक्क इंग्लंडचा कायदा मानीत नाही. तरीही हा माल गायिकेच्या संमतीने निघाला अशी ग्राहकांची दिशाभूल झाली, या आधारावर न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला आणि २०१५ च्या जानेवारीत अपिलातही तो टिकला.

‘हे सारे परदेशातले’ असे म्हणून सुटका नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली गायक दलेर मेहंदी यांच्या संदर्भात दिलेला निकाल व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्या दिल्लीतील भेटवस्तूंच्या दुकानांत विकल्या जात होत्या. बाहुल्या चीनमधून आल्या होत्या. दुकानदारांनी त्या घडविल्या नव्हत्या, केवळ विकल्या होत्या. तरीही खटला दुकानदारांवर झाला आणि निकाल गायकाच्या कंपनीच्या बाजूने लागला. ‘माल वरून आला, आम्ही फक्त विकला’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. परंपरेतही ते कधी पुरेसे मानलेले नाही. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपविणे याची स्वतंत्र गणना आहे, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको.

येथवर पाहिले ते चुकलेल्या हिशेबांचे नमुने. बरोबर जुळलेल्या हिशेबाचाही एक नमुना आहे, आणि तो आनंदाचा आहे. १९९० साली लिथुआनिया या छोट्या देशाने सोव्हिएत संघापासून स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. बास्केटबॉल हा त्या देशाचा जीव की प्राण. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्वतःच्या ध्वजाखाली खेळण्याची संधी आली. पण संघापाशी पैसे नव्हते. ही बातमी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदापर्यंत पोहोचली. या वाद्यवृंदाच्या मैफलींबाहेर, गाड्या उभ्या करण्याच्या मैदानात, श्रोतेच गाठी बांधून रंगविलेले टी-शर्ट विकत असत. गाठ बांधून रंगविण्याची ही रीत गुजरात-कच्छच्या बांधणीशी नाते सांगणारी. इंग्रजीतला ‘बंडाना’ हा रुमालवाचक शब्दही आपल्याकडच्या ‘बांधणे’ या क्रियेतूनच तिकडे गेलेला.

वाद्यवृंदाने संघास आर्थिक साहाय्य केले आणि त्याबरोबर बांधणीचे टी-शर्ट आले. रंग लिथुआनियाच्या ध्वजाचे : पिवळा, हिरवा, लाल. योगायोग असा की मार्लीच्या टी-शर्टावरचे तीन रंग हेच; इतिहास मात्र सर्वस्वी निराळा. त्यांवर न्यूयॉर्कच्या ग्रेग स्पीअर्स या चित्रकाराने उडी मारून चेंडू जाळीत घालणारा सांगाडा रेखाटला होता. लिथुआनियाने कांस्यपदकाच्या सामन्यात माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या एकत्रित संघाला ८२-७८ असे हरविले. ज्यांच्या सत्तेखाली काल खेळावे लागत होते त्यांनाच हरवून हे खेळाडू विजयमंचावर चढले, ते औपचारिक गणवेशात नव्हे, तर त्या बांधणीच्या टी-शर्टांत. जगाने ते दृश्य पाहिले आणि टी-शर्टाला प्रचंड मागणी आली. विक्रीच्या उत्पन्नातील वाटा लिथुआनियाच्या बास्केटबॉलसाठी आणि तेथील मुलांच्या कल्याणकार्यासाठी गेला. चित्रावर चित्रकाराचे नाव होते, वाद्यवृंदाची संमती होती, आणि ज्या देशाचे रंग वापरले त्या देशाच्या वाट्यालाही काही आले. तिन्ही खात्यांत जमा झाली. म्हणूनच हा टी-शर्ट तीस वर्षांनंतरही लोक प्रेमाने जपून ठेवतात.

आता दृष्टी घराजवळ वळवावी. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर, सुगीनंतरच्या रात्री तारपा वाजतो. वाळवलेला दुधी भोपळा आणि बांबू यांपासून केलेले हे फुंकवाद्य. तारपेकरी मध्यभागी, आणि त्याच्याभोवती हात गुंफलेल्या स्त्री-पुरुषांची रांग सर्पिल फिरते. नाचणारे वाद्याकडे पाठ करीत नाहीत, असा त्यांचा संकेत आहे. वारली चित्रांतील सर्वांत प्रसिद्ध आकृती ती हीच. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ : एकच रंग, एकच जाळी, छपाईस स्वस्त. आज ती सर्पिल रांग टी-शर्टांवर, पिशव्यांवर, पेल्यांवर सर्वत्र फिरते आहे.

ही कला मुळात सजावटीची नव्हती. लग्नघरी देवीचा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा असे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मानांकनाने प्रामुख्याने नावाचे रक्षण होते, रेघेचे नव्हे. ‘वारली’ हा शब्द न वापरता कोणीही संगणकावर ती रांग उतरवून हजारो नग छापू शकतो. चित्रकार कोण, हे सांगता येत नाही. गायक कोण, तेही सांगता येत नाही. कारण चित्र आणि सूर दोन्ही साऱ्या समाजाचे आहेत. जे सर्वांचे आहे ते कोणाचेच नाही असे समजण्याची सोय बाजाराला येथे सापडते.

काही देशांनी ही पळवाट बुजविण्याचा प्रयत्न केला आहे. घाना देशाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्याने लोककलेवरील हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे विश्वस्त म्हणून सोपविले आहेत. ती व्यवस्था सर्वांना पटेलच असे नाही. पण खाते कोणाच्या नावाने उघडावे, या प्रश्नाला तिने निदान उत्तर तरी दिले. आपल्याकडे हा प्रश्न किती जिव्हारी लागतो ते २०२५ च्या जून महिन्यात दिसले. इटलीच्या ‘प्राडा’ कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांसारख्या चपला श्रेय न देता मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला आणि कंपनीला त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. तो संताप रास्तच होता. मात्र जो न्याय कोल्हापूरच्या कारागिरासाठी मागितला, तोच पालघरच्या वारल्यासाठी, जमेकाच्या रास्ताफारीसाठी मागावयास नको काय?

छपाईच्या धंद्यात असलेल्या वा येऊ पाहणाऱ्या तरुणांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, चित्रकाराशी व्यवहार लेखी करावा. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. परदेशी माल पाठविणाऱ्याने हे विशेष जपावे.

दुसरी गोष्ट स्वतःच्या चित्राच्या रक्षणाची. वस्तूवर छापण्याचे चित्र डिझाइन म्हणून नोंदण्याजोगे असूनही नोंदले नाही, आणि यंत्राने त्या वस्तूच्या ५० हून अधिक प्रती काढल्या, तर त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. टी-शर्टाच्या धंद्यात ५० नग म्हणजे एका सकाळचे काम. बाजारात माल आणण्यापूर्वी डिझाइनची नोंदणी केली, तर दहा वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढविता येते. कोणते चित्र कोणत्या कायद्याखाली येते याचा निर्णय नाजूक असल्याने तज्ज्ञाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट, प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा किंवा वाद्यवृंदाचे चिन्ह छापावयाचे असेल तर छायाचित्रकाराची वा चित्रकाराची संमती पुरत नाही. त्या व्यक्तीची, तिच्या वारसांची किंवा त्यांनी नेमलेल्या परवानाधारकाची संमती लागते.

‘इतके सगळे पाळले तर उरते काय?’ असा प्रश्न येईल. साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एक टी-शर्ट १८० रुपयांत तयार होतो आणि घाऊक भावाने २५० रुपयांस जातो. एक हजार नगांवर ७०,००० रुपयांचा गाळा. विक्रीच्या सहा टक्के रक्कम चित्राच्या हक्कदारास दिली, तर नगामागे १५ म्हणजे एकूण १५,००० रुपये गेले, ५५,००० उरले. न देता छापले आणि तक्रार आली, तर १,८०,००० रुपयांचा माल गोदामात अडकतो, विक्रीची खाती बंद पडतात आणि वकिलाची फी वेगळी. पंधरा हजार वाचविण्यासाठी एक लाख ऐंशी हजार टांगणीला लावणे, याला कोणताही जाणता व्यापारी धाडस म्हणणार नाही.

कायद्याचा हिशेब येथे संपतो. पण तिसरे खाते अजून उघडेच राहते, कारण त्याची वसुली करण्यास कोणी येत नाही. त्या खात्यावर जमा करण्याचे मार्ग मात्र अवघड नाहीत. वारली चित्र हवे असेल तर पाड्यावर जाऊन तेथल्याच चित्रकाराकडून ते काढून घ्यावे, त्याचा वाटा ठरवावा आणि त्याच्या सहीसह छापावे. दूरच्या समाजाचे चिन्ह असेल तर त्याचा अर्थ आधी समजून घ्यावा आणि गळ्याजवळच्या चिठ्ठीवर दोन ओळींत तो लिहावा : हे रंग कोठले, ही आकृती कशाची. छापावयास काही पैशांचा खर्च. गिऱ्हाईक ती चिठ्ठी वाचेलच असे नाही. पण एखादा वाचेल, आणि तारप्याभोवती फिरणारी ती रांग नुसती नक्षी नसून कोणाच्या तरी अंगणातली सुगीची रात्र आहे, हे त्याला कळेल. ज्यांचे ते अंगण, त्यांच्या खात्यावर निदान एवढी तरी जमा पडावी.